ऑक्सिजनयुक्त स्कूबा साहित्यासाठी ओ-रिंग आणि सील कोणते निवडावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण-तारकर्लीपासून गोव्यापर्यंतच्या डायव्हरांचे रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब उतरवून श्वासाला वायू देणारी साधने) आणि सिलिंडरचे व्हॉल्व्ह माझ्या टेबलावर दुरुस्तीला येतात, आणि त्यांच्यासोबत प्रश्नही येतात. अंदमानात किंवा आखातात नायट्रॉक्सचा, म्हणजे हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या श्वासाच्या मिश्रणाचा, कोर्स करून परतलेल्यांचे प्रश्न तर बहुतेक सारखेच असतात, म्हणून ते एकत्र करून उत्तरांसह येथे दिले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराला दुसऱ्याची जोड लागते तेथे क्रमांक दिला आहे. उत्पादकाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एखाद्या जागेसाठी विशिष्ट सील सांगितले असेल, तर ते येथील मजकुरापेक्षा वरचढ समजावे.

१. हवेच्या सिलिंडरला चालणारी ओ-रिंग ऑक्सिजनला का चालत नाही? शेवटी रबर ते रबरच ना?

रबर, ग्रीस, धूळ ही सगळी जळणारी द्रव्ये आहेत. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असल्यामुळे ती सहजासहजी पेटत नाहीत. पण ऑक्सिजनचे प्रमाण आणि दाब हे दोन्ही वाढले की त्यांचे पेटण्याचे तापमान खाली येते आणि एकदा पेटल्यावर जळण्याचा वेगही वाढतो. त्यासाठी बाहेरून ठिणगी लागते असेही नाही. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, तोच प्रकार सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडल्यावर रेग्युलेटरच्या तोंडाशी घडतो, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणात. १ बार दाबाचा आणि २० अंश तापमानाचा वायू उष्णता बाहेर न जाऊ देता एकदम २०० बारपर्यंत दाबला, तर गणिताने त्याचे तापमान १,००० अंश सेल्सियसच्या वर जाते. प्रत्यक्षात भोवतालचे पितळ बरीच उष्णता शोषून घेते आणि तापमान एवढे चढत नाही, परंतु रबराची एखादी उघडी कड किंवा ग्रीसचा थेंब पेटवायला त्याच्या निम्मेही पुरते.

२७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या चाचणीत तीन अंतराळवीर दगावले, तेव्हा यानातील शुद्ध ऑक्सिजनचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडासाच जास्त होता. आपण येथे त्याच्या शंभर पटींहूनही अधिक दाबाबद्दल बोलत आहोत.

२. ‘ऑक्सिजन कम्पॅटिबल’, ‘ऑक्सिजन क्लीन’ आणि ‘ऑक्सिजन सर्व्हिस’ हे एकच आहे का?

नाही, आणि या तिन्हींची गल्लत सर्वांत जास्त होते. सील, ग्रीस आणि धातू ऑक्सिजनमध्ये सहज न पेटणारे असतील तर ते साहित्य ‘कम्पॅटिबल’ असते. त्यावरून तेल, चरबी, धातूचा कीस आणि तंतू काढून टाकलेले असतील तर ते ‘क्लीन’ असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतील तरच ते साहित्य ऑक्सिजनच्या ‘सर्व्हिस’मध्ये आहे असे म्हणता येते. महागडी व्हायटनची (फ्लोरिनयुक्त रबराची) रिंग तेलकट खाचेत बसवली तर ती सामग्री कम्पॅटिबल राहते, पण सर्व्हिससाठी निकामी ठरते. माझे स्पष्ट मत असे की स्वच्छता आणि सील यांपैकी एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते आधी स्वच्छतेवर करावेत. ओ-रिंग धातूच्या खाचेत पुरलेली असते, तिची जेमतेम एक कड वायूसमोर येते आणि धातू तिची उष्णता ओढून घेतो. त्यामुळे आग बहुधा तिथून सुरू होत नाही, तर घाणीच्या कणापासून सुरू होऊन सीलपर्यंत आणि मग धातूपर्यंत जाते.

३. ‘४० टक्क्यांपर्यंत काहीही बदलावे लागत नाही’ असे कोर्समध्ये सांगितले होते. खरे का?

काही देशांत आणि काही उत्पादकांपुरते खरे. अमेरिकेत व्यावसायिक डायव्हिंगला लागू असलेल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत ४० टक्क्यांपेक्षा अधिक ऑक्सिजनचा संपर्क येणारी उपकरणे ऑक्सिजनसाठी रचलेली आणि ज्वलनशील पदार्थांपासून स्वच्छ केलेली असावीत, असे म्हटले आहे. मनोरंजनाच्या डायव्हिंगमध्ये रुळलेली ४० टक्क्यांची रेघ तिच्याशी जुळते. युरोपात मात्र हा आकडा २२ टक्के आहे. तेथील ईएन १३९४९ हे मानक त्यापुढच्या प्रत्येक मिश्रणाला वेगळे साहित्य मागते आणि ईएन १४४-३ नुसार नायट्रॉक्सच्या व्हॉल्व्हचे आटेही एम २६ बाय २ असे वेगळे असतात, जेणेकरून हवेचा रेग्युलेटर त्यावर बसूच नये. जर्मनीतून घेतलेला रेग्युलेटर आपल्याकडच्या सिलिंडरवर बसत नाही, याचे कारण कधीकधी हेच असते.

या आकड्यांकडे निसर्गाचा नियम म्हणून पाहू नये. ३९ टक्क्यांना सुरक्षित आणि ४१ टक्क्यांना धोकादायक असे काही घडत नसते. आपल्या रेग्युलेटरचा उत्पादक जी मर्यादा छापतो ती पाळावी. शिवाय हा नियम फक्त सिलिंडरनंतरच्या साहित्याला लागू होतो; सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह यांची गोष्ट निराळी आहे, ती पुढच्या उत्तरात पाहा.

४. मी फक्त ३२ टक्के नायट्रॉक्स वापरतो. तरीही भरणारा माझा सिलिंडर ‘ओ-टू क्लीन’ का मागतो?

कारण तुमच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला ३२ टक्क्यांशी नव्हे, तर शुद्ध ऑक्सिजनशी सामना करावा लागतो. अंशदाब पद्धतीने मिश्रण तयार करताना रिकाम्या सिलिंडरमध्ये आधी शुद्ध ऑक्सिजन सोडतात आणि मग त्यावर हवा भरतात. २०० बारचे ३२ टक्के मिश्रण हवे असेल तर आधी सुमारे २८ बार शुद्ध ऑक्सिजन जातो, ३६ टक्क्यांसाठी सुमारे ३८ बार, आणि डीकम्प्रेशनसाठी (खोलवरून वर येताना शरीरात मुरलेला वायू सावकाश बाहेर टाकण्यासाठी) ५० टक्के हवे असेल तर ७३ बारच्या आसपास. या काळात व्हॉल्व्हच्या आतले सीट (वायू अडवणारी बैठक), दांड्यावरची रिंग आणि मानेची रिंग ही सगळी १०० टक्के ऑक्सिजनमध्ये असतात. वर नंतर येणारी हवा जर तेलाच्या वाफेने भरलेली असेल तर ती सुरक्षितता वाढवण्याऐवजी धोकाच वाढवते.

हीच ३२ टक्क्यांची गॅस मेम्ब्रेन यंत्रातून (पडद्याने हवेतला नायट्रोजन कमी करणाऱ्या) किंवा कॉम्प्रेसरच्या आधीच हवेत ऑक्सिजन मिसळून भरली, तर सिलिंडरला कधीच शुद्ध ऑक्सिजन लागत नाही आणि वरची अट सैल होते. म्हणून सील निवडताना ‘मी काय श्वासात घेतो’ हा प्रश्न चुकीचा आहे. या विशिष्ट रिंगेसमोर जास्तीत जास्त किती टक्के ऑक्सिजन, किती दाबाने आणि किती वेगाने येतो, हे विचारावे. एकाच रेग्युलेटरमधल्या दोन रिंगांची उत्तरे यावर वेगवेगळी येऊ शकतात.

वेगाबद्दल एक निरीक्षण. चांगला भरणारा ऑक्सिजनचा सुईचा व्हॉल्व्ह केसभर फिरवतो, काटा मिनिटाला चार-पाच बारच्या गतीने वर सरकू देतो आणि दुसरा हात सिलिंडरच्या अंगावर ठेवून तो कुठे तापतो का ते पाहतो. पाव वळणात पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह ऑक्सिजनच्या उच्च दाबाच्या मार्गावर लावलेला दिसला, तर सील व्हायटनचे आहे की नायट्राइलचे ही चर्चा तिथेच थांबवून सिलिंडर परत न्यावा.

५. रेग्युलेटरबरोबर आलेल्या साध्या काळ्या रिंगा, म्हणजे नायट्राइल, वाईट असतात का?

हवेसाठी त्या उत्तम असतात. नायट्राइल तेलाला दाद देत नाही, घासून लवकर झिजत नाही आणि स्वस्त मिळते. शंभर बारच्या आसपासच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये मात्र ते २०० अंशांच्या खालीच आपोआप पेटू शकते, आणि ऑक्सिजन व ओझोन यांच्यामुळे ते लवकर कडक होऊन त्याला बारीक तडे जातात. उत्पादकाने ४० टक्क्यांपर्यंत परवानगी दिलेल्या रेग्युलेटरमध्ये ते राहू द्यायला हरकत नाही. शुद्ध ऑक्सिजन उच्च दाबाने जेथे येतो तेथे नको.

६. व्हायटन घ्यावे की ईपीडीएम? प्रत्येक जण वेगळे सांगतो.

प्रत्येक जण वेगळे सांगतो, कारण दोघांच्याही बाजूला दम आहे, आणि हा वाद ‘कोणते चांगले’ असा मांडला की कधीच सुटत नाही.

आधी आकडे पाहू. त्याच शंभर बारच्या ऑक्सिजनमध्ये व्हायटन, म्हणजे फ्लोरिनयुक्त रबर, साधारण २५० अंशांच्या वर पेटते. ईपीडीएम, म्हणजे इथिलीन-प्रोपिलीनचे रबर, मात्र नायट्राइलसारखेच २०० च्या खाली. उष्णतेतही फरक मोठा आहे. एक ग्रॅम ईपीडीएम जळाले तर ४० किलोज्यूलपेक्षा अधिक उष्णता निघते, म्हणजे जवळजवळ डिझेलइतकी. व्हायटनची त्याच्या निम्म्याहून कमी असते. म्हणजे पेटण्याच्या कसोटीवर व्हायटन सरळ पुढे आहे, आणि ‘ईपीडीएम हेच खरे ऑक्सिजनचे रबर’ हे सरसकट विधान टिकत नाही.

मग युरोपातल्या अनेक सर्व्हिस किटमध्ये आणि रिब्रीदरमध्ये (उच्छ्वास शुद्ध करून तोच पुन्हा श्वासाला देणाऱ्या साधनात) ईपीडीएम का असते? त्याला तीन कारणे आहेत. पहिले, व्हायटन जळाले तर हायड्रोजन फ्लोराइडसारखे अतिविषारी वायू निघतात, आणि हा वायू डायव्हरच्या फुफ्फुसात जाणारा आहे. दुसरे, साधे व्हायटन उणे १५ ते २० अंशांच्या आसपास ताठर होते, तर ईपीडीएम उणे ४० च्याही खाली लवचिक राहते. थंड पाण्यात जोराने श्वास घेताना फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या, दाब पहिल्यांदा उतरवणाऱ्या भागाच्या) आतली थंडी लक्षात घेता नॉर्वे किंवा स्कॉटलंडमधल्या डायव्हरला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. तिसरे, ईपीडीएम ओझोन आणि जुनेपणा चांगले सोसते व दीर्घकाळ दाबून ठेवले तरी आपला गोल आकार बऱ्यापैकी टिकवते, विशेषतः पेरॉक्साइडने पक्के केलेले ईपीडीएम. गंधकाने पक्के केलेले तितके नाही.

ईपीडीएमचा मोठा दोष म्हणजे खनिज तेल. कॉम्प्रेसरच्या तेलाची वाफ लागली तर ते फुगते आणि मऊ पडते. ऑक्सिजनच्या साहित्यात तेल नसलेच पाहिजे हे खरे, पण नसलेच पाहिजे आणि नसते यांत आपल्या किनाऱ्यावर अंतर आहे.

माझी पद्धत सांगतो. उत्पादकाने किट दिले असेल तर त्यात जे आहे तेच बसवतो. निवड माझ्यावर सोडली असेल, तर भरण्याच्या नळ्या, सिलिंडरचे व्हॉल्व्ह आणि फर्स्ट स्टेजची उच्च दाबाची बाजू, अशा शुद्ध ऑक्सिजन वेगाने येऊ शकणाऱ्या जागांना व्हायटन. आणि रिब्रीदरच्या कमी दाबाच्या, सतत हलणाऱ्या जोडांना ईपीडीएम. कोकण-गोव्याचे पाणी वर्षभर उबदार असल्यामुळे व्हायटनच्या थंडीच्या दोषाचे आपल्याला फारसे ओझे नाही. मात्र एकाच खाचेत आज हे, उद्या ते असे करू नये, आणि बसवलेल्या पदार्थाची नोंद सिलिंडरच्या चिठ्ठीवर ठेवावी.

७. सिलिकॉनच्या रिंगा चालतील का? त्या मऊ आणि पारदर्शक असतात, छान बसतात.

उच्च दाबाला नाही. सिलिकॉन पेटायच्या बाबतीत नायट्राइलपेक्षा बरे असले तरी ते कापसासारखे फाटते, घर्षण सोसत नाही आणि त्यातून वायू झिरपतो. सेकंड स्टेजमधील, म्हणजे रेग्युलेटरच्या तोंडात धरायच्या भागातील, डायफ्राम, उच्छ्वासाची झडप आणि माउथपीस हे त्याचे योग्य ठिकाण आहे, कारण तेथे दाब जवळजवळ नसतो.

८. टेफ्लॉन सर्वांत सुरक्षित असेल तर सगळीकडे टेफ्लॉनच का वापरत नाहीत?

टेफ्लॉन शुद्ध ऑक्सिजनमध्येही ४०० अंशांच्या वर टिकते आणि जळाले तरी ग्रॅमला सात किलोज्यूलच्या आसपासच उष्णता देते, म्हणून आकड्यांत ते सगळ्यांच्या पुढे आहे. परंतु ते रबर नाही. दाबले की सरकते आणि परत उसळत नाही, त्यामुळे ओ-रिंगेचे काम ते एकटे करू शकत नाही. ते ओ-रिंगेच्या मागे आधाराची चपटी चकती म्हणून येते, म्हणजे उच्च दाबाने रबर फटीत ढकलले जात नाही.

या प्रश्नाला जोडून फर्स्ट स्टेजच्या उच्च दाबाच्या सीटबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण रिंगांच्या चर्चेत ते विसरले जाते. वायूचा सर्वांत तीव्र झोत याच तुकड्यावर आदळतो. हवेच्या अनेक रेग्युलेटरमध्ये ते पॉलियुरेथेनचे किंवा नायलॉनचे असते, आणि उच्च दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनला हे दोन्ही चांगले पर्याय नाहीत. ऑक्सिजनसाठी पीसीटीएफई हे टेफ्लॉनच्याच कुळातले पण कडक प्लास्टिक वापरतात. सगळ्या रिंगा बदलून सीट जुनेच ठेवलेला रेग्युलेटर माझ्या पाहण्यात एकापेक्षा अधिक वेळा आला आहे, आणि मालक तो ‘पूर्ण ऑक्सिजनचा’ म्हणून वापरत होते. पॉलियुरेथेन काही सिलिंडरच्या मानेतही असते. गरम दमट हवेत ते पाण्यानेच हळूहळू खराब होते, त्यामुळे आपल्या हवामानात तसेही ते मला आवडत नाही.

९. ग्रीस कोणते लावावे? सिलिकॉन ग्रीस तर सगळेच लावतात.

हवेला लावतात. उच्च दाबाच्या ऑक्सिजनजवळ सिलिकॉन ग्रीस, व्हॅसलीन किंवा फवाऱ्याचे तेल यांपैकी काहीही चालत नाही. येथे परफ्लुरोपॉलिइथर तेलात टेफ्लॉनची पूड मिसळून केलेले पांढरे ग्रीस लागते; क्रिस्टो-ल्यूब एमसीजी १११, क्रायटॉक्स जीपीएल २०५ आणि ट्रायबोल्यूब ७१ ही त्यातली परिचित नावे. ते नायट्राइल, व्हायटन, ईपीडीएम आणि सिलिकॉन या चारही रबरांना चालते, त्यामुळे रबर बदलले म्हणून ग्रीस बदलावे लागत नाही. छोटी नळी महाग पडते खरी, पण लागतेही अगदी थोडे. रिंग ओली दिसावी, पांढरी दिसू नये, एवढेच माप.

होडीवर सगळ्याला खोबरेल तेल चोळण्याची आपल्याकडची जुनी सवय येथे जिवावर बेतू शकते. एकदा ‘व्हॉल्व्ह जड फिरतो’ म्हणून आलेला सिलिंडर मी उघडला, तर दांड्याभोवती चक्क खोबऱ्याचा वास. तो सिलिंडर त्याच आठवड्यात शुद्ध ऑक्सिजन भरायला जाणार होता. जोडणी करताना हात धुऊन पूड नसलेले हातमोजे घालावेत, कारण दुपारच्या बांगड्याचे तेलही तेलच असते.

१०. रंगावरून रिंग कोणती आहे ते ओळखता येते का? नागदेवी स्ट्रीटवर तपकिरी रिंगा व्हायटन म्हणून मिळतात.

रंग हा पुरावा नाही. तपकिरी किंवा हिरव्या रंगात व्हायटन पुष्कळदा मिळते, परंतु तसे कोणतेही बंधन नाही. व्हायटन काळेही असते आणि तपकिरी रंगाचे दुसरे रबरही असते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही बेअरिंग-ऑइल सीलच्या दुकानात चांगला माल मिळतोही, पण सुटी रिंग डब्यातून काढून दिली की तिची ओळख तेथेच संपते. पदार्थ, कडकपणा, बॅच आणि तयार झाल्याची तारीख छापलेली बंद पिशवीच घ्यावी. यंत्रांसाठीच्या रिंगांवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलाचा अंश असू शकतो, म्हणून त्या वापरण्यापूर्वी धुवाव्याच लागतात.

११. आकार आणि कडकपणा कसा ठरवायचा?

बहुतेक साहित्य एएस ५६८ या अमेरिकी क्रमवारीने चालते. सर्वसाधारणपणे डिन (आट्यांनी बसणाऱ्या) रेग्युलेटरच्या तोंडाला ११२, योक (शिकंज्याने आवळायच्या) व्हॉल्व्हच्या तोंडाला ०१४, पाऊण इंची सरळ आट्यांच्या सिलिंडरच्या मानेला २१४, कमी दाबाच्या नळीला ०११, उच्च दाबाच्या नळीला ०१२ आणि गेजच्या फिरत्या खुंटीला ००३ क्रमांकाच्या (०००३ नव्हे) दोन बारक्या रिंगा लागतात. ही शेवटची चूक ऑर्डर लिहिताना नेहमी होते. युरोपी साहित्यात मिलिमीटरचे आकार असतात आणि जवळपासचा आकार ‘बसवून’ घेणे उच्च दाबाला चालत नाही.

एक बारकावा असा की डिनमध्ये तोंडाची रिंग रेग्युलेटरवर असते, तर योकमध्ये ती सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर असते. म्हणजे भाड्याचा योक सिलिंडर घेतला तर तुमच्या ‘ऑक्सिजन क्लीन’ रेग्युलेटरसमोर दुसऱ्याची रिंग आणि दुसऱ्याचे ग्रीस येते. कडकपणा शोअर ए मापात ७० हा नेहमीचा आणि ९० हा उच्च दाबाच्या स्थिर जागांसाठी. ९० च्या रिंगा हाताने बसवायला त्रासदायक असतात, पण फटीत कमी घुसतात.

१२. सिलिंडर रिकामा केल्यावर रिंगेवर बारीक फोड दिसले. माल खोटा होता का?

बहुधा नाही. उच्च दाबाखाली वायू रबरात मुरतो, आणि दाब एकदम सोडला की बाहेर पडायला वेळ न मिळाल्यामुळे तो आतच फुगून रबराला फोड किंवा चिरा पाडतो.  दाब सावकाश सोडणे आणि कडक, दाट रबर वापरणे हे दोन उपाय आहेत. फोड आलेली रिंग पुन्हा वापरू नये, ती गळत नसली तरीही.

१३. रिंगा किती दिवसांनी बदलाव्यात आणि सुट्या रिंगा कशा ठेवाव्यात?

रेग्युलेटर उघडला की त्यातल्या सगळ्या रिंगा बदलायच्या, हा सरळ नियम आहे. दोन सर्व्हिसमध्ये तोंडाची रिंग मात्र स्वतःच पाहत राहावी. ती काढून भिंगाखाली धरली की नवी रिंग पूर्ण गोल दिसते. जुनीचा काप इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा एका बाजूने चपटा झालेला असतो, आणि नखाने वाकवल्यावर बाहेरच्या अंगाला केसासारख्या रेघा उमटतात. काढण्यासाठी पितळेची किंवा प्लास्टिकची सुई वापरावी. पोलादी टोकाने खाचेवर पडलेला ओरखडा नवी रिंगही बुजवू शकत नाही.

सुट्या रिंगा अंधारात, घट्ट पिशवीत, विजेच्या मोटरपासून दूर ठेवाव्यात, कारण मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि नायट्राइल त्याने तडकते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली किट ही माझ्या मते रिंगांची सर्वांत वाईट जागा.

१४. ऑक्सिजनसाठी तयार केलेला सिलिंडर एकदाच साध्या कॉम्प्रेसरवर भरला. आता काय?

तो आता ऑक्सिजनच्या सर्व्हिसमध्ये राहिलेला नाही, असे धरून चालावे. श्वासाच्या साध्या हवेसाठी युरोपी मानक घनमीटरमागे ०.५ मिलिग्रॅम तेल चालवून घेते. ऑक्सिजनमध्ये मिसळायच्या हवेसाठी ही मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे नियमात बसणारी चांगली हवाही ऑक्सिजनच्या दृष्टीने पाचपट तेलकट असू शकते, आणि फिल्टरची मुदत उलटलेल्या कॉम्प्रेसरबद्दल तर बोलायलाच नको. पुन्हा शुद्ध ऑक्सिजन भरण्यापूर्वी सिलिंडर आणि व्हॉल्व्ह उघडून धुणे, रिंगा आणि ग्रीस नवे घालणे हाच मार्ग आहे. बाहेरून पुसून किंवा दोनदा ऑक्सिजनने ‘झटकून’ काही साध्य होत नाही. तेल असेल तर दुसरी गोष्ट थेट धोकादायक आहे.

१५. जलदाब चाचणी करून आणलेल्या सिलिंडरचे सील तपासावे लागते का?

हो, आणि हे फार कमी जण करतात. भारतात गॅस सिलिंडरची मान्यता आणि चाचणी गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार होते आणि त्याचा कारभार नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही संस्था पाहते. चाचणी करणारी केंद्रे प्रामुख्याने औद्योगिक सिलिंडर हाताळतात. व्हॉल्व्ह परत बसवताना त्यांच्याकडे हाताशी असलेली नायट्राइलची रिंग आणि नेहमीचे ग्रीस लागण्याची शक्यता असते. चाचणीला देताना ऑक्सिजनचा सिलिंडर असल्याचे लिहून द्यावे, व्हॉल्व्ह वेगळा आपल्याकडेच ठेवावा आणि मानेची रिंग स्वतः बसवून घ्यावी.

१६. सेकंड स्टेज, नळ्या आणि बीसीच्या (तरंगणे सांभाळणाऱ्या जॅकेटच्या) रिंगाही बदलायच्या का?

फर्स्ट स्टेजनंतर दाब सभोवतालच्या पाण्यापेक्षा ९ ते १० बार एवढाच जास्त असतो, त्यामुळे तेथे दाबाच्या झटक्याने तापमान वाढण्याचा धोका खूप कमी आहे. बरेच उत्पादक ऑक्सिजनच्या किटमध्ये मुख्यतः उच्च दाबाच्या रिंगा आणि सीट देतात. मी तरीही सर्वत्र प्रश्न ९ मधले ग्रीस वापरतो, कारण सिलिकॉन ग्रीस बोटांवरून आणि सुईवरून एका बाजूकडून दुसरीकडे जाते.

१७. होडीवरच्या प्राथमिक उपचाराच्या ऑक्सिजन किटला हेच नियम लागू आहेत का?

तत्त्व तेच, पण सील वेगळे. त्या छोट्या सिलिंडरच्या पिन-इंडेक्स (ठरावीक खुंट्यांनी जुळणाऱ्या) व्हॉल्व्हवर धातूच्या कड्यात रबर बसवलेला वॉशर येतो, तो पुन्हा वापरता येतो. त्याच्या जागी नायलॉनचा एकदाच दाबून वापरायचा वॉशर पुन्हा पुन्हा लावणे आणि गळती थांबावी म्हणून पाना घेऊन आवळणे यांमुळे आगी लागल्याचा इशारा अमेरिकेच्या एफडीए आणि नायोश या संस्थांनी २००६ मध्ये दिला होता. हाताने आवळून गळत असेल तर वॉशर बदलावा. या किटजवळ सनस्क्रीन लावलेले हात नेऊ नयेत.

१८. माझा फर्स्ट स्टेज टायटॅनियमचा आहे. योग्य सील बसवले तर शुद्ध ऑक्सिजनला चालेल?

नाही. टायटॅनियम स्वतःच ऑक्सिजनमध्ये जोमाने जळते. येथे प्रश्न सीलचा राहतच नाही. उत्पादकाने छापलेल्या मर्यादेत वापरावा आणि डीकम्प्रेशनच्या सिलिंडरसाठी क्रोम चढवलेल्या पितळेचा घ्यावा.

१९. व्हॉल्व्ह उघडताना ‘फट्’ असा आवाज आला आणि रिंगेवर काळा डाग दिसला. रिंग बदलून डाइव्ह करू का?

करू नये. काळवंडलेली किंवा वितळलेली कड, जळका वास, फिल्टरवरची काजळी किंवा पितळावर उमटलेला निळसर रंग ही छोटी आग लागून विझल्याची चिन्हे आहेत. व्हॉल्व्ह बंद करावा, दाब सावकाश सोडावा, रेग्युलेटर आणि सिलिंडर दोन्ही बाजूला काढावेत आणि कोणताही भाग न पुसता दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावेत, कारण डाग नेमका कुठे आहे यावरूनच आग घाणीतून लागली, सीटमधून लागली की व्हॉल्व्ह झटक्यात उघडल्यामुळे, हे कळते. त्याच ठिकाणी त्याच दिवशी भरलेले दुसरे सिलिंडरही तपासून होईपर्यंत उघडू नयेत.